मुक्या जिवांची साक्ष : वनौषधी निर्धोक कशावरून म्हणावी?

“झाडपाल्याचे औषध आहे, गुण आला तर उत्तम, न आला तरी अपाय नाही,” हे वाक्य आपल्या घराघरांतून किती वेळा ऐकू येते! आजीच्या बटव्यातील मुळी असो, की बाजारातून आणलेली अर्काची बाटली असो, तिच्यामागे हाच विश्वास उभा असतो. हा विश्वास अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. तुळस, आले, हळद, जिरे ही आपल्या रोजच्या आहारातली द्रव्ये आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या ती आपणांस मानवली आहेत. परंतु धोतरा, कण्हेर आणि बचनाग हाही झाडपालाच आहे. त्यांना कोणी निर्धोक म्हणत नाही. कारण त्यांचा अपाय काही तासांतच डोळ्यांसमोर दिसतो आणि गावातले शेंबडे पोरही त्यांस ओळखते.

खरा प्रश्न निराळाच आहे. जी वनस्पती आज घेतली असता काहीही होत नाही, उद्या काही होत नाही, आणि पाच-दहा वर्षांनी मात्र घात करते, ती कोणी व कशी ओळखावी? परंपरेला ती ओळखता येत नाही. औषध घेतल्यानंतर पुष्कळ वर्षांनी एखाद्याची मूत्रपिंडे निकामी झाली, तर त्या दुखण्याचा संबंध त्या विसरलेल्या मुळीशी कोण लावणार? असा संबंध शोधून काढण्यासाठीच वनस्पतींच्या अर्काची प्रयोगशाळेतील प्राण्यांवर चाचणी घेतात. ही चाचणी काय सांगू शकते, काय सांगू शकत नाही, आणि तिचे म्हणणे न ऐकल्यास काय होते, हे दाखवणारी एक खरी हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नाव शुभ, गुण घातक

ॲरिस्टोलोकिया नावाचे वनस्पतींचे एक मोठे कुल आहे. हे नाव ग्रीक भाषेतले असून ‘बाळंतपणास उत्तम’ असा त्याचा भावार्थ आहे. प्राचीन ग्रीक वैद्य ह्या वेली प्रसूतीच्या वेळी देत असत. युरोपात, चीनमध्ये आणि आपल्या देशातही ह्या कुलातील निरनिराळ्या जाती औषध म्हणून वापरात होत्या. सर्पदंश, जखमा, सांधेदुखी, सूज आणि स्त्रियांची दुखणी ह्यांवर त्या देत. दोन हजार वर्षांहून अधिक काळ चालत आलेला हा उपयोग; याहून मोठी साक्ष ती कोणती, असे कोणासही वाटावे.

ह्या वेलींत ॲरिस्टोलोकिक आम्ल नावाचे एक द्रव्य असते. पश्चिम जर्मनीत ते शुद्ध स्वरूपात औषध म्हणून मिळत असे. शरीराची प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून डॉक्टर ते देत. अशा औषधाची दीर्घ मुदतीची चाचणी उंदरांवर घेण्यात आली आणि येथूनच आमच्या हकीकतीस प्रारंभ होतो.

प्रयोगशाळेत काय करतात

प्रथम ही चाचणी कशी होते ते पाहू. पहिले काम प्राण्यांचे नसून वनस्पतीचे असते. आणलेली मुळी अथवा पाने नेमकी कोणत्या जातीची, हे वनस्पतिशास्त्रज्ञ निश्चित करतो आणि तिचा वाळवलेला नमुना पुढच्या पडताळणीसाठी जपून ठेवतात. हे काम वरवर पाहता क्षुल्लक वाटते. ते किती महत्त्वाचे आहे, हे वाचकांस पुढे दिसून येईलच. मग पाणी, मद्यार्क अथवा दुसरा एखादा द्रव वापरून अर्क काढतात व तो आटवतात. द्रव बदलला की अर्कात उतरणारी द्रव्येही बदलतात. म्हणून पाण्यातल्या काढ्याचा निर्वाळा मद्यार्कातल्या अर्कास लागू होत नाही.

त्यानंतर अल्प मुदतीची चाचणी येते. उंदरांना रात्रभर उपाशी ठेवून दुसऱ्या दिवशी ठरलेली मात्रा नळीने थेट जठरात सोडतात. मात्रा नेहमी शरीराच्या वजनावर मोजतात. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार दर किलो वजनास २००० मिलिग्रॅमपर्यंत अर्क देऊन चौदा दिवस निरीक्षण करतात. जनावर सुस्त होते काय, अंग फुलवून कोपऱ्यात बसते काय, खाणे सोडते काय, अशा सर्व गोष्टींची नोंद होते.

ह्या चाचणीत एकही उंदीर दगावला नाही, एवढ्यावरून पुष्कळ जण अर्क ‘सुरक्षित’ म्हणून जाहीर करून मोकळे होतात. परंतु ह्या चाचणीने केवळ एका दिवसाच्या एका मात्रेपुरते उत्तर मिळालेले असते. रोज घ्यावयाच्या औषधाचा कस २८ अथवा ९० दिवसांच्या चाचणीत लागतो. नव्वद दिवसांच्या चाचणीत सामान्यतः प्रत्येक गटात दहा नर व दहा माद्या असतात. तीन गटांस कमी, मध्यम आणि अधिक मात्रा देतात. चौथ्या गटास अर्क न देता बाकी सर्व तसेच करतात, म्हणजे तुलना करता येते. वजन आणि खाणे नियमित मोजतात. शेवटी रक्त तपासून यकृत व मूत्रपिंड नीट काम करीत होते काय ते पाहतात. नंतर प्राण्यांस वेदनारहित मरण देऊन त्यांचे यकृत, मूत्रपिंडे, हृदय, प्लीहा इत्यादी इंद्रिये तोलतात आणि त्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. ज्या मात्रेपर्यंत कोणताही अपाय आढळला नाही, ती मात्रा नोंदवून ठेवतात. माणसाच्या बाबतीत ती जशीच्या तशी धरीत नाहीत. प्राणी व माणूस ह्यांतील फरकासाठी दहा पट, आणि माणसामाणसांतील फरकासाठी आणखी दहा पट, अशी शंभर पट सावधगिरी राखण्याची जुनी वहिवाट आहे. कर्करोगाचा संशय असेल तर ही मुदतही अपुरी पडते आणि प्राण्यांचे बहुतेक आयुष्यभर निरीक्षण करावे लागते.

उंदरांनी दिलेला इशारा

ॲरिस्टोलोकिक आम्लाच्या ह्या चाचणीचे निष्कर्ष १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. उंदरांना दररोज दर किलो वजनास ०.१, १ आणि १० मिलिग्रॅम अशा मात्रा तीन महिने देण्यात आल्या होत्या. त्यांच्या जठराच्या अग्रभागी कर्करोगाच्या गाठी आढळल्या. काहींच्या मूत्रपिंडांत व मूत्राशयातही त्या दिसल्या. मात्रा जितकी अधिक आणि काळ जितका लोटलेला, तितके गाठींचे प्रमाण अधिक होते. त्याच वर्षी जिवाणूंवर केलेल्या एका सोप्या चाचणीतही हे द्रव्य पेशींच्या आनुवंशिक घटकांत बिघाड करते असे आढळले.

पुढे १९८७ मध्ये ह्याच द्रव्याच्या एकाच मात्रेची परीक्षा प्रसिद्ध झाली. तोंडावाटे दिल्यास निम्मे प्राणी दगावण्यास दर किलो वजनास ५६ ते २०३ मिलिग्रॅम इतके द्रव्य लागत होते. म्हणजे एका वेळी जे द्रव्य पचल्यासारखे दिसत होते, त्याचाच अगदी अल्प अंश रोज पोटात गेला असता महिन्यांनंतर कर्करोग उद्भवत होता. परंपरेच्या नजरेतून हा दोष का सुटला, त्याचे उत्तर ह्या दोन आकड्यांत आहे.

जर्मनीतील अधिकाऱ्यांनी हा इशारा ऐकला आणि १९८१ मध्येच, म्हणजे निष्कर्ष छापून येण्यापूर्वीच, ही औषधे बाजारातून काढून घेतली. उंदरांनी आपले काम चोख बजावले होते.

ब्रुसेल्स येथील अनर्थ

ह्यानंतर दहा वर्षेही लोटली नव्हती, तोच बेल्जियमच्या राजधानीत अनर्थ ओढवला. ब्रुसेल्स येथे वजन उतरवण्याचे उपचार देणाऱ्या एका संस्थेने १९९० मध्ये आपल्या औषधांत काही चिनी वनस्पतींच्या भुकटीची भर घातली. १९९२ मध्ये तेथील डॉक्टरांच्या ध्यानात आले की तरुण, एरवी निरोगी असलेल्या स्त्रिया मूत्रपिंडे झपाट्याने निकामी होऊन आपल्याकडे येत आहेत, आणि त्या सर्वांनी तोच उपचार घेतलेला आहे. झाँ-लुई व्हानहेरवेगेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पन्नाशीच्या आतील नऊ स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. पुढे अशा रुग्णांची संख्या शंभरावर गेली. अनेकींना कृत्रिम मूत्रपिंडाच्या यंत्राचा आधार घ्यावा लागला. कित्येकींवर मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणाची वेळ आली.

त्या भुकटीत स्टेफानिया नावाच्या वनस्पतीची मुळी असावयाची होती. तिला चिनी भाषेत ‘हान फांग-ची’ म्हणतात. ‘ग्वांग फांग-ची’ ह्या मिळत्याजुळत्या नावाची दुसरी मुळी मात्र ॲरिस्टोलोकिया कुलातील आहे. पुडीवर नाव पहिलीचे आणि आत मुळी दुसरीची, असा घोटाळा झाला होता, हे पुढे रासायनिक तपासणीत उघड झाले. ज्या द्रव्याविरुद्ध उंदरांनी आधीच साक्ष देऊन ठेवली होती, तेच द्रव्य निराळ्या नावाने ह्या स्त्रियांच्या पोटात गेले.

दुर्दैवाचा फेरा एवढ्यावर थांबला नाही. मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेल्या रुग्णांना कर्करोगाचाही धोका आहे असे दिसताच डॉक्टरांनी ती काढून टाकण्याचा सल्ला दिला. ३९ रुग्णांनी तो मानला. त्यांपैकी १८ जणांच्या मूत्रमार्गात कर्करोग आढळला आणि उरलेल्या २१ पैकी १९ जणांत कर्करोगाच्या पूर्वीची विकृती दिसली. हा वृत्तांत २००० मध्ये प्रसिद्ध झाला. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲरिस्टोलोकियायुक्त वनौषधींची गणना माणसांत निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली.

ह्या प्रकाशात एक जुने कोडेही उलगडले. डॅन्यूब नदीच्या उपनद्यांकाठच्या काही खेड्यांत मूत्रपिंडांचा एक चमत्कारिक रोग घराघरांतून आढळत असे. गव्हाच्या शेतात तण म्हणून उगवणाऱ्या ॲरिस्टोलोकियाचे बी पिठात मिसळत असावे, असा तर्क इविच नावाच्या संशोधकाने १९६९ मध्ये मांडला होता. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २००७ मध्ये क्रोएशियातील रुग्णांच्या शरीरात ह्या द्रव्याच्या खुणा सापडल्या आणि तो तर्क खरा ठरला. औषधाची गोष्ट तर दूरच. तेथे ते विष रोजच्या भाकरीतून जात होते.

उंदीर म्हणजे लहानसा माणूस नव्हे

ह्यावरून कोणी असे समजेल की प्राण्यांवरील चाचणी म्हणजे शेवटचा शब्द. तसे नाही, आणि त्याचा दाखलाही ह्याच हकीकतीत मिळतो. ब्रुसेल्सच्या घटनेनंतर संशोधकांनी तेथील मिश्रण उंदरांना दिले. १९९८ मध्ये त्यांनी कळवले की उंदरांच्या जठराच्या अग्रभागी गाठी झाल्या, परंतु स्त्रियांना झालेला मूत्रपिंडाचा विकार मात्र झाला नाही. उंदराच्या जठराचा अग्रभाग ही अन्न साठवण्याची एक वेगळी पिशवी असते. माणसास ती नसते. म्हणजे उंदरात रोग दिसला तो माणसास नसलेल्या भागात, आणि माणसाचा जो भाग निकामी झाला तो उंदरात शाबूत राहिला!

तेव्हा सशांकडे वळावे लागले. सशांना दर किलो वजनास अवघे ०.१ मिलिग्रॅम द्रव्य आठवड्यातून पाच दिवस, १७ ते २१ महिने टोचण्यात आले. त्यांची मूत्रपिंडे मात्र माणसांप्रमाणेच आक्रसून कठीण झाली. हे निष्कर्ष २००१ मध्ये आले. दुसऱ्याच वर्षी दुसऱ्या पद्धतीने, शरीरातील मीठ कमी करून व मोठी मात्रा टोचून, उंदरांतही तो विकार निर्माण करता आला. उंदरांची पहिली साक्ष खोटी नव्हती, अपुरी होती. कर्करोग होतो हे त्यांनी बरोबर सांगितले. तो कोठे होईल आणि त्याआधी काय बिघडेल, हे त्यांस सांगता आले नाही.

उलट दिशेनेही सावध राहावे लागते. आपल्याकडील मोठ्या देखण्या फुलपाखरांपैकी काहींच्या अळ्या ह्याच वेलींची पाने खाऊन वाढतात. त्यातले विष अंगात साठवून पक्ष्यांपासून स्वतःचे रक्षण करतात. अमुक जीव ही पाने खातो, म्हणून ती आपणांसही चालतील, हा तर्क किती फसवा आहे हे ह्यावरून दिसेल.

ह्या साक्षीची किंमत

हे सर्व ज्ञान फुकट मिळालेले नाही. ज्या उंदरांच्या व सशांच्या इंद्रियांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली गेले, त्यांनी आपला जीव स्वखुशीने दिलेला नव्हता. मुक्या जनावरास वेदना होतात हे जाणणाऱ्या माणसास ही गोष्ट सहजपणे विसरता येऊ नये. १९२७ मध्ये ट्रेव्हन ह्या शास्त्रज्ञाने निम्मे प्राणी कोणत्या मात्रेने दगावतात हे मोजण्याची रीत घालून दिली. त्या रीतीपायी एकेका द्रव्यासाठी पुष्कळ प्राणी खर्ची पडत. १९५९ मध्ये रसेल व बर्च ह्या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी ग्रंथ लिहून तीन मार्ग सुचवले : शक्य तेथे प्राण्यांऐवजी दुसरे साधन वापरावे, प्राण्यांची संख्या कमी करावी, आणि त्यांच्या यातना हलक्या कराव्यात. जुनी रीत २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय संकेतांतून वगळण्यात आली. आता अल्प मुदतीच्या चाचणीस एका टप्प्यात तीन उंदीरही पुरतात.

आपल्या देशात १९६० च्या प्राणिरक्षणाच्या कायद्यानुसार अशा प्रयोगांवर देखरेख करणारी समिती असते. प्रत्येक संस्थेस आपल्या नीतिसमितीची पूर्वसंमती घेतल्यावाचून प्रयोग करता येत नाही. नव्या औषधांच्या नियमांत २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन, प्राण्यांऐवजी मानवी पेशींवर व तत्सम साधनांवर केलेल्या चाचण्यांसही स्थान मिळाले आहे. १९८२ मधील जिवाणूंच्या चाचणीने एकाही उंदराचा जीव न घेता धोक्याची घंटा वाजवली होती, हे आठवले म्हणजे ह्या वाटेचे मोल कळते. तथापि जिवंत शरीरात महिनोन्‌महिने काय घडते, ह्या प्रश्नास पेशींनी अजून सर्वस्वी उत्तर दिलेले नाही. म्हणून आमचे मत असे की, हा प्रयोग करावयाचाच तर नेमक्या ओळखलेल्या वनस्पतीवर, पुरेशा मुदतीचा आणि प्रामाणिक नोंदींचा करावा. चौदा दिवसांची वरवरची चाचणी उरकून वेष्टनावर ‘सुरक्षित’ अशी मोहोर उठवणे, हा ग्राहकाचा विश्वासघात तर आहेच. त्या प्राण्यांचे जीव वाया घालवणेही आहे.

आपल्या अंगणात

ही हकीकत दूरदेशीची आहे असे समजून वाचकांनी निश्चिंत राहू नये. ह्या कुलातील सापसंद अथवा ईश्वरी नावाची वेल आपल्या देशात उगवते. तिची मुळी सर्पदंशावर व स्त्रियांच्या दुखण्यांवर देण्याचा प्रघात होता. जंतांवर व जखमांवर वापरली जाणारी किडामारी हीदेखील तिचीच बहीण. ह्या दोन्हींत ॲरिस्टोलोकिक आम्ल असते. घरात कोणी त्यांचा काढा अथवा चूर्ण पोटात घेत असेल, तर ते आजच बंद करावे आणि डॉक्टरांकडून रक्ताची व लघवीची तपासणी करून घ्यावी.

कायद्याची बाजूही समजून घ्यावयास हवी. आयुर्वेदीय औषधांच्या परवान्यासंबंधी २०१० मध्ये जे नियम झाले, त्यांनुसार ग्रंथोक्त पाठाप्रमाणे बनवलेल्या औषधास सुरक्षिततेची नवी चाचणी मागितली जात नाही. पाणी अथवा पाणी-मद्यार्क सोडून दुसऱ्या द्रवात काढलेल्या अर्कास मात्र अल्प व दीर्घ मुदतीच्या, आनुवंशिक बिघाडाच्या आणि गर्भावरील परिणामाच्या चाचण्या आवश्यक आहेत. म्हणजे दुकानातील प्रत्येक बाटलीमागे उंदरांची साक्ष असतेच असे नाही. काहींमागे केवळ परंपरेची साक्ष असते. ती मोलाची आहे, परंतु दहा वर्षांनी दिसणाऱ्या अपायाविषयी तिला बोलता येत नाही.

तेव्हा कोणतीही वनौषधी दीर्घकाळ घ्यावयाची झाल्यास काही प्रश्न अवश्य विचारावे. हिचे शास्त्रीय नाव काय? पुडीवर तयार करणाराचे नाव, परवाना क्रमांक व घटक छापले आहेत काय? किती दिवस घ्यावयाची, आणि तितक्या दिवसांची चाचणी कोणी घेतली आहे काय? वजन उतरवण्याच्या, सांधेदुखीच्या व ‘शक्तीच्या’ निनावी चूर्णांस घरात थारा देऊ नये. डॉक्टरांनी “आणखी काय घेता?” असे विचारले असता “काही नाही, थोडा झाडपाला,” असे म्हणून विषय टाळू नये, पुडी घेऊन जावे आणि ती त्यांस दाखवावी. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि मूत्रपिंडाचे जुने रुग्ण ह्यांच्या बाबतीत तर ही खबरदारी दुप्पट घ्यावी.

ब्रुसेल्सच्या त्या स्त्रियांनी कोणताही अविचार केला नव्हता. वनस्पती आहे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिळते आहे, मग भय कसले, असे त्यांस वाटले. आपणांसही तसेच वाटले असते. इशारा आठ वर्षे आधी छापून ठेवलेला होता, परंतु पुडीवरील नाव खरे आहे काय, हे वेळेवर पाहिले गेले नाही. ते पाहण्याचे काम सरकारचे, कारखानदाराचे आणि वैद्याचे आहेच. पुडीवरचे नाव वाचणे आणि न कळल्यास विचारणे, एवढे मात्र आपणांपैकी प्रत्येकाच्या हाती आहे.